मोरीतला दगड

सोमाजी मुकादमाचा हात तोंडाच्या आधी चालायचा. आलापल्लीपासून भामरागडच्या वाटेपर्यंत ज्या ज्या मजुराने सरकारी रस्त्यावर गिट्टी फोडली, त्याने एकदा तरी तो हात गालावर घेतला होता. पाणी उशिरा आलं, थापड. बैल दमले म्हणून गाडी थांबली, थापड. एका गाडीवानाचे तर दोन दात त्याने मुरमात पाडले, आणि राग उतरल्यावर त्याच मुरमात बसून ते शोधत रडला. खोटं कशाला सांगू, माणूस मनाचा वाईट नव्हता. पण ज्याचे दात गेले, त्याने ते मन घेऊन काय करायचं?

या माणसाला आयुष्यात एकच हौस लागली होती, चंद्रिका विश्रांतिगृहाची. सात वर्षांमागे तो ठेकेदाराबरोबर नागपूरला गेला आणि चंद्रिकाच्या तिथल्या शाखेत एक रात्र राहिला. पांढरीशुभ्र चादर, घंगाळात कढत पाणी, ताटात न मागता तूप, आणि निघताना "परत या, मुकादमसाहेब" म्हणणारा मॅनेजर. उभ्या जन्मात सोमाजीला कोणी साहेब म्हटलं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक शेकोटीला त्याने ती चादर आणि ते तूप इतक्यांदा सांगितलं, की मजूर पाठीमागे त्याला चंद्रिकाबाई म्हणायचे.

नागपूर, वर्धा, हिंगणघाट, वरोरा, चांदा, बल्लारशा अशा सहा गावी चंद्रिकाच्या शाखा होत्या. सत्तावन सालच्या दसऱ्याला सातवी अहेरीत उघडली, लाकडाचे ठेकेदार आणि जंगलखात्याचे साहेब यांच्यासाठी. उन्हाळ्यात तिचं बांधकाम चाललं तेव्हा रेती, मुरूम, दगड सोमाजीनेच गाड्यांनी पुरवले. लांबरुंद दगड कमी पडले तेव्हा त्याला रस्त्याच्या वळणावर, बिजाच्या झाडाखाली, रांगेत उभे असलेले पाच दगड दिसले. आसपास वस्ती नाही, दगडांवर शेंदूर नाही, काही कोरलेलं नाही. जमीनदाराच्या हद्दीचे असतील, असं त्याने आपल्या मनाने ठरवून टाकलं. जमीनदारी बुडाली, आता हद्द कोणाची आणि दगड कोणाचे? लोखंडी सब्बल लावून त्याने पाचही उपटले आणि गाडीत घातले. मॅनेजर गुणवंतराव ते पाहून खूश झाले. म्हणाले, "सोमाजी, लॉज चालू झाला का दोन दिवस आमचा पाहुना हो. संग कोनाले आनाचं असन तर आन."

कोणाला न्यायचं ते सोमाजीने तिथल्या तिथे ठरवलं. कोलूला.

कोलू म्हणजे माडिया, रस्त्यापासून आत रानात राहणारा. तीन वर्षांमागे सोमाजीला कामावर हिवताप झाला, तेव्हा ठेकेदाराने तंबू हलवला आणि याला झाडाखाली टाकून दिलं. मेल्यात जमा धरलं म्हणा ना. वाटेने जाणाऱ्या कोलूने, ज्याची याच्याशी ओळख ना पाळख, त्याला पाठीवर घेतलं आणि बारा कोस चालून दवाखान्यात आणलं. सोमाजी त्या पाठीवर दोनदा ओकला. तेव्हापासून कोलू त्याला भाऊ म्हणायचा. सगळ्या जगात सोमाजीने ज्याच्यावर कधी हात उचलला नाही, असा हा एकटाच.

कार्तिकात कोलू कामावर भेटायला आला तो ओळखू येईना. गाल आत गेलेले, डोळे खोल.

"सोमाजीभाऊ, माह्या बाचा दगड गेला," तो म्हणाला.

माडियांमध्ये मेलेल्याच्या नावाने वाटेवर मोठा दगड उभा करतात. मेलेला माणूस तिथे राहतो. नवं धान्य घरात आलं की पहिला घास त्याचा, मग घरच्यांचा. कोलूचं गाव चार वर्षांमागे दोन कोस आत सरकलं होतं, दगड मात्र जुन्या जागीच उभे होते. यंदाचे नवे तांदूळ घेऊन तो तिथे गेला, तर जमिनीत नुसते खड्डे.

"घरी धान भरून हाये," कोलू सांगत होता. "पन बाले देल्याबिगर खाता येत नाई. माही बायको सोमारी पोराईले कंद उकडून देऊन राह्यली. आन बा कुठी फिरत असन, कोनाले ठाव. त्याले तहान लागत असन, भाऊ."

सोमाजी त्याच्याजवळ सरकला. त्याने विचारलं, "शेंदूर होता का वरती?"

"नाई."

"कोरलं होतं काई? घोडा, मानूस?"

"नाई. दगड होता."

आता तुम्ही कपाळाला हात लावाल. मीही लावला. पण सोमाजी आरमोरीकडच्या धानपट्ट्यातला. त्याच्या गावी देवाचा दगड म्हणजे शेंदराने माखलेला, चांदीचे डोळे लावलेला. ज्याला शेंदूर नाही तो दगड पायरीचा, पाट्याचा, धुण्याचा. कोलू नाही म्हणत होता तरी याच्या डोळ्यांपुढे काहीतरी कोरीवच उभं राहिलं. गाडीत घातलेले ते पाच ओबडधोबड धोंडे आणि कोलूचा बा यांची त्याच्या डोक्यात गाठच पडली नाही.

"चाल अहेरीले," तो म्हणाला. "बाजारात पुसू, ठान्यात सांगू. असा कसा जाते दगड? आन राहाचं चंद्रिकात. मी पाहुना हावो तिथी. चादर पाह्यशील तू, चादर."

चंद्रिकाच्या दारात गुणवंतराव गल्ल्यापाशी बसले होते. त्यांनी सोमाजीकडे पाहिलं, मग कोलूकडे, त्याच्या लंगोटीकडे आणि खांद्यावरच्या कुऱ्हाडीकडे.

"तू ये. हा नाई."

"काऊन नाई?"

"अरे, साहेब लोक उतरतेत इथी. त्याईनं पाह्यलं तं काय म्हनतीन?"

सोमाजीने गल्ल्यावरून हात घालून त्यांची कॉलर धरली आणि त्यांना अर्धं उभं केलं. "कोनाले आनाचं असन तर आन, हे तुम्हीच म्हनलं होतं का नाई?" गुणवंतरावांनी मान हलवली, कारण तेवढीच हलवता येत होती. मग मागच्या बाजूची, गोठ्याला लागून असलेली खोली मिळाली. कुऱ्हाड गल्ल्यापाशी ठेवून घेतली.

चादर होती. नाही म्हणू नये. तिच्यावर आधीच्या कोणाच्या पानाची पिंक होती, आणि उशीला खोबरेल तेलाचा असा वास की ती पिळली असती तर दिवा लागला असता. सोमाजीने चादर उलटली. उलट्या बाजूला त्याहून मोठा डाग होता. कोलूने फक्त विचारलं, "हेच का ते, भाऊ?" सोमाजीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

चहा आला. सोमाजीला कपबशी, कोलूला पळसाच्या पानाचा द्रोण. सोमाजीने कप भिंतीवर असा फेकला की कान तुटून त्याच्याच पायाशी आला. जेवणात वरण म्हणजे हळदीचं पाणी, भातात खडा, तूप तर सोडाच, दुसरी पोळी मागितली तर वाढणारा म्हातारा मुखरू म्हणाला, "दुसरी वाढ नाई. मॅनेजरसाहेबाचा हुकूम हाये." झालं. सोमाजी उठला आणि त्याने मुखरूच्या कानाखाली अशी ओढली की म्हातारा पोळ्यांच्या दुरडीसकट खाली बसला. कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आली.

दुसरी थापड पडण्याआधी कोलूने त्याचं मनगट धरलं. "म्हाताऱ्याले काऊन मारतं? त्यानं केलं का हे?"

कोलूने मुखरूला उठवलं, दुरडीतल्या पोळ्या झटकून दिल्या. सोमाजी खाली मान घालून बसला. सात वर्षं ज्याचं कौतुक केलं त्या जागेने त्याचं नाक कापलं होतं, आणि तेही नेमकं या माणसापुढे. रात्रभर ढेकणांनी दोघांना फोडून काढलं. पहाटे कोलू बाहेर जाऊन गोठ्याच्या भिंतीला टेकून बसला.

उजाडल्यावर सोमाजी दातून चघळत मागच्या अंगणात आला. तिथे बांबूच्या तट्ट्याआड आंघोळीची मोरी होती. लाकडाचा कोणी जाडा ठेकेदार आंघोळ उरकून, खाकरून, पायाखालच्या दगडावर थुंकून बाहेर आला. त्याच्यामागे कोलू तोंड धुवायला आत गेला.

बराच वेळ पाण्याचा आवाज आला नाही. सोमाजीने डोकावून पाहिलं. कोलू साबणाच्या घाणीत गुडघे टेकून बसला होता आणि हाताच्या तळव्याने ती थुंकी पुसत होता. दगड पुरुषभर लांब, आडवा टाकलेला. त्याच्या एका खांद्याला खाच होती. बाचा दगड उभा करताना सब्बल सटकली, दगडाचा तुकडा उडाला आणि कोलूच्या करंगळीचं पेर त्याखाली गेलं, हे सोमाजीने त्याच्याच तोंडून कितीदा ऐकलं होतं. कोलूने ती तुटकी करंगळी खाचेवर ठेवली.

"हा माहा बा हाये," तो म्हणाला.

सोमाजीच्या तोंडातलं दातून खाली पडलं. ती खाच त्याला कोलूइतकीच ठाऊक होती. वैशाखात गाडीत दगड घसरत होता तेव्हा त्याने स्वतः त्या खाचेत दोर अडकवला होता आणि गाडीवानाला म्हणाला होता, बरी खाच सापडली. त्याच्या पाचावर धारण बसली. पाठीवरून नेणारा तो माणूस, आणि त्याच्या बापाला उपटून लोकांच्या खाकऱ्याखाली घालणारा आपण. हे कोलूला कळलं तर? कुऱ्हाडीचं भय नव्हतं त्याला. कोलू आपल्याला पुन्हा भाऊ म्हणणार नाही, हे भय होतं. जगात दुसरं कोणी म्हणतच नव्हतं.

"कोन आहे मोरीत? साहेब लोकाईचा खोळंबा होऊन राह्यला," म्हणत गुणवंतराव खांद्यावर पंचा टाकून आले. कोलूला दगडाला धरून बसलेला पाहून ते म्हणाले, "ए, ऊठ. आंघोळीचा दगड आहे तो."

कोलूने त्यांचा पाय धरून ओढला. गुणवंतराव पाठीवर आपटले. कोलूने त्यांची मान पकडून गाल दगडाला लावला, इतका जोरात की चष्मा फुटून काच गालात शिरली.

"कोनं आनला हा इथी?"

"सोड, सोड मले..."

कोलूने त्यांचं डोकं उचललं आणि पुन्हा दगडावर टेकवलं. आपटलं नाही, टेकवलं. नमस्कार करवावा तसं. "म्या विचारलं, कोनं आनला."

गुणवंतरावांचे डोळे भिरभिरले आणि तट्ट्यापाशी उभ्या सोमाजीवर येऊन थांबले. ओळखीने त्यांचा चेहरा उजळला, की सुटलो बुवा. "अरे, मले काय विचारतं? हा तं..."

सोमाजीची मूठ त्यांच्या तोंडावर बसली.

दोन दात गेले. गुणवंतराव रक्त थुंकून पुन्हा म्हणाले, "हा सोम..." आणि सोमाजीने मोरीतला पितळी तांब्या उचलून ओठांवर घातला. मग जबड्यावर. मग पुन्हा ओठांवर. आजवर त्याने शेकडो माणसांना मारलं असेल, पण रागाने मारलं, आणि राग दोन फटक्यांत उतरायचा. हे मारणं भ्यायलेल्या माणसाचं होतं, त्याला तळच नव्हता. समोरचं तोंड जरा हललं की तांब्या बसायचा. गुणवंतराव हात जोडत होते, मानेने नाही नाही म्हणत होते, नाही सांगत कोणाला, एवढंच त्यांना सांगायचं असेल बिचाऱ्यांना. सोमाजीने तेही सांगू दिलं नाही. जबडा मोडल्याचा आवाज सुकी फांदी मोडावी तसा आला, तरी तो थांबला नाही.

"पुरे, भाऊ, मरन तो," कोलू ओरडला. त्याने सोमाजीला मागून कव घातली, तांब्या हिसकावून घेतला. "बस झालं. माह्या बासाठी मानूस नोको मारू."

माह्या बासाठी. सोमाजी धापा टाकत भिंतीला टेकला. गुणवंतराव दगडावर आडवे पडले होते, तोंडाच्या जागी नुसतं लाल काहीतरी होतं, त्यातून घरघर येत होती. तट्ट्याबाहेर मुखरू पाण्याची घागर घेऊन उभा होता. त्याने सगळं पाहिलं होतं.

ठाणं बाजाराच्या पलीकडे, कोणीतरी तिकडे धावलं. जमादार दोन शिपाई घेऊन आला तेव्हा चेपलेला तांब्या कोलूच्या हातात होता, आणि कोलूच्या छातीवर रक्त होतं.

"कोनं मारलं?"

सोमाजीने तोंड उघडलं. त्याआधी कोलू बोलला. "म्या मारलं."

"एकट्यानं?"

"एकट्यानं. माह्या बाले इथी टाकलं होतं. हा माहा भाऊ, यानं मले धरलं, नाईतं मी मॅनेजरले जिवानंच मारतो."

आणि सोमाजी गप्प राहिला. सांगायला लाज वाटते, पण राहिला. काठी कोलूच्या पाठीवर पडली, तो गप्प. दुसरी कमरेवर, गप्प. तिसरी गुडघ्यावर बसली तेव्हा कोलू खाली कोसळला आणि सोमाजीने डोळे मिटून घेतले. जमादाराने मुखरूला काही विचारलं नाही. म्हाताऱ्याने आपला सुजलेला कान दाबत सोमाजीकडे तेवढं पाहिलं आणि घागर खाली ठेवली.

कोलूचे हात मागे बांधले. निघताना तो लंगडत वळला.

"सोमाजीभाऊ, गाडी कर आन बाले घरी ने. तुह्या हातानं उभा कर. सोमारीले म्हन, नवे तांदूळ शिजव. पयला घास बाले दे, मंग तू खा, मंग पोराईले खाऊ दे. हे पोराचं काम असते. पन तू भाऊ हायेस माहा, तू केलं तं बाले चालते."

"हो," सोमाजी म्हणाला.

ते गेले. गुणवंतरावांना खाटेवर घालून दवाखान्यात नेलं. मोरीत सोमाजी आणि तो दगड उरले. त्याने बादलीभर पाणी ओतून रक्त धुतलं, साबण धुतला. मग उचलायला वाकला, खाचेत बोटं घातली, आणि त्याला वाटलं की आपण खरंच जाणार. गाडी करणार, हा दगड उभा करणार, सोमारीच्या हातचा गरम भात आधी याच्यापुढे ठेवणार, मग स्वतः खाणार, आणि पोरं आपल्याला काका म्हणतील. कोलू सात-आठ वर्षं चांद्याच्या तुरुंगात चक्की ओढेल, आणि सुटून आला की आपले पाय धरेल.  सोमाजी भडाभडा ओकला आणि अनवाणी पळत सुटला.

बाजाराच्या रस्त्यावर त्याने त्यांना गाठलं. "जमादारसाहेब, त्याले सोडा. मॅनेजरले म्या मारलं. तांब्या माह्या हातात होता."

कोलू चिडला. "खोटं बोलून राह्यला हा, साहेब. मले सोडवाले बोलून राह्यला. जा रे भाऊ, तू बाले घेऊन जा."

"खोटं नाई, कोलू. त्याचं तोंड बंद कराले मारलं. तो माहं नाव सांगत होता." सोमाजीला रडू आवरेना. "बिजाच्या झाडाखाली, वळनावर, पाच होते. म्या उपटले. हद्दीचे समजलो मी. चार लॉजच्या पायात गेले. तुह्या बाच्या खाचेत म्याच दोर घातला होता गाडीले बांधाले."

कोलू ऐकत होता. त्याचा चेहरा आधी ऐकू न आल्यासारखा झाला. मग त्याचे ओठ हलले, तो पाच दगड मनात मोजत असावा, कारण बाकीचे चारही त्याच्याच गावच्या कोणाकोणाचे होते. मग तो एक पाऊल पुढे आला. हात बांधलेले होते, म्हणून त्याने कपाळच सोमाजीच्या तोंडावर हाणलं, एकदा, दोनदा, नाकाचं हाड मोडेपर्यंत. सोमाजीने हात वर केला नाही. शिपायांनी कोलूला मागे ओढलं, काठ्या उचलल्या; जमादाराने सोमाजीचं मनगट धरलं.

"त्याले मारू नोका," सोमाजी रक्तातून म्हणाला. "कोलू, मी तुह्या बाले घरी नेतो. सुटल्याबरोबर नेतो. तू म्हनलं तसा उभा करतो."

"बाले हात नोको लावू," कोलू म्हणाला.

आणि तो वळून शिपायांच्या पुढे, मोडक्या गुडघ्याने, ठाण्याकडे चालू लागला.